एकाच नावाची सव्वीस घरे

जयनगरमधल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. मराठी आणि कन्नड लेखनासाठी संगणकावरचे एक ॲप आम्ही तिथे तयार करतो. प्रोग्राम लिहिणे हे माझे काम नाही. ॲपने कोणत्या प्रसंगी काय करावे याचे नियम लिहिणे, ते तसे वागते की नाही हे तपासणे आणि वापरणाऱ्यांसाठी सूचना तयार करणे, एवढे माझ्याकडे असते. त्याआधी नऊ वर्षे मी सीमाभागातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होते. नियम लिहिण्याची सवय तिथलीच.

या ॲपविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. हल्लीच्या संगणकांत पुष्कळशी ॲपे कुंपणात ठेवलेली असतात. आमच्या क्षेत्रात त्या कुंपणाला सँडबॉक्स म्हणतात. कुंपणाच्या आत ॲपला स्वतःची एक छोटी जागा मिळते. तिथे ते हवे ते लिहू-पुसू शकते. बाहेरच्या फाईली, म्हणजे तुमची पत्रे, फोटो, दाखले, त्याला दिसतसुद्धा नाहीत. मग तुमची फाईल ते उघडते कसे? तुम्ही ‘उघडा’ म्हटले की एक खिडकी येते. ती ॲपची नसते, संगणकाच्या मूळ प्रणालीची असते. ॲप तिच्याबाहेर थांबलेले असते. तुम्ही बोट ठेवाल ती एक फाईल प्रणाली उचलून त्याच्या हाती देते. शेजारची देत नाही. जतन करतानाही तसेच. कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायचे हे तुम्ही त्या खिडकीत ठरवता, आणि ॲपला तेवढ्या एका जागी लिहिण्याची परवानगी मिळते. त्या फोल्डरमध्ये आणखी काय आहे, हे त्याला कधीच कळत नाही.

मला ही रचना पहिल्यापासून पटली. शाळेत मुलांच्या दप्तरात आपण हात घालायचा नाही, वही मुलाने काढून द्यायची, असे मी वागत आले होते.

या रचनेच्या आत राहून मी दोन नियम लिहिले होते. पहिला नावाचा. नवे लेखन प्रथम जतन करताना त्या खिडकीत काही नाव आधीच भरलेले असते. पूर्वी तिथे ‘शीर्षक नाही १’, ‘शीर्षक नाही २’ असे येई. लोक तेच राहू देत आणि महिन्याभराने कशात काय आहे ते कुणाला सांगता येत नसे. लेखनाची पहिली ओळ हेच नाव म्हणून पुढे करावे, असे मी सुचवले. वहीत पहिल्या ओळीवर धड्याचे नाव असते, तसे. चाचणीसाठी मी साठेक मजकूर स्वतः लिहिले: रजेचे अर्ज, निबंध, पाककृती, सोसायटीच्या सूचना. सगळ्यांना योग्य नाव मिळाले.

दुसरा नियम कच्च्या प्रतीचा. आमच्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून ॲप आपल्या कुंपणातल्या जागेत लेखनाची कच्ची प्रत ठेवत राहते. वापरणाऱ्याने लेखन स्वतःच्या जागी जतन केले की ही प्रत पुसावी, असे मी लिहिले. ज्याचे लेखन त्याच्याकडे पोचले. त्याला न सांगता दुसरी प्रत आपल्याकडे ठेवण्याचे कारण उरत नाही. या मुद्द्यावर कार्यालयात वाद झाला आणि माझे म्हणणे मान्य झाले.

बनशंकरीत आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. त्यांची सारी नोकरी भूमापन खात्यात आरेखक म्हणून झाली. मोजणीदारांनी आणलेल्या आकड्यांवरून ते जमिनीचे नकाशे काढत. त्यांचे स्वतःचे गाव मात्र आजच्या कोणत्याही नकाशात नाही. ते एकोणीस वर्षांचे असताना नदीवर धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले.

त्या गावातली एक गल्ली त्यांना लिहून काढायची होती. मारुतीच्या देवळापासून नदीच्या घाटापर्यंत ती पश्चिमेकडे उतरत जाई. तिच्या एकाच अंगाला घरे होती, एकूण सव्वीस. घर कसे होते, कोण राहत होते, दारात काय होते, माणसे कशी बोलत, असे एकेका घराविषयी लिहायचे. मुलाने लॅपटॉप दिला. मी आमचे ॲप त्यात घालून दिले आणि तीन रविवार त्यांना शिकवले: नवे पान कसे घ्यायचे, जोडाक्षरे कशी उमटवायची, जतन कसे करायचे. काका विद्यार्थी म्हणून उत्तम होते. सांगितलेले प्रत्येक पाऊल कागदावर क्रमांक घालून उतरवून घेत आणि त्याच क्रमाने करत.

त्यांच्या आठवणीत सगळे नव्हते. उरलेले त्याच गल्लीतल्या एका गृहस्थांना ठाऊक होते. ते काकांहून बारा वर्षांनी मोठे, निपाणीला मुलाकडे राहत. काका त्यांना दादा म्हणत. दर गुरुवारी सकाळी काका फोन लावून स्पीकरवर ठेवत आणि दादा बोलतील तसे टंकत जात. कार्यालयाला निघताना जिन्यात मला ऐकू येई.

“आरं, त्येच्या दारात पेरू नव्हता, सीताफळ हुतं! पेरू तुमच्या दारात. चोरून खाणाऱ्याला तरी ठाऊक पाहिजे की रं.”

“होय की ओ दादा. सीताफळ. लिहितो.”

आठवड्याला एक घर होई. सहा महिन्यांत सव्वीस घरे पुरी झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी दादा वारले.

पुढच्याच रविवारी सकाळी काकांनी जिन्यातून हाक मारली. मी शाळेत होते हे कळल्यापासून ते मला बाई म्हणतात.

“बाई, स्वल्प वर येता काय? सगळं छापून काढूया म्हणालोय. दादांच्या लेकाला एक प्रत द्यायची, आमच्यात एक.”

मी वर गेले. फोल्डर उघडले. आत एकच फाईल होती. तिचे नाव ‘॥ श्री ॥’. ती उघडली. घर क्रमांक सव्वीस, घाटावरच्या नावाड्याचे. सव्वादोन पाने. त्यानंतर काही नाही.

“काका, बाकीची घरं कुठे ठेवलीत?”

“ह्यातच की. खाली असतील बघा.”

“खाली काही नाही.”

“मग वर.”

वरही काही नव्हते. मी संगणकाचे बाकीचे फोल्डर पाहिले, नंतर कचरापेटी पाहिली. मग म्हटले, “नवं घर लिहायला घेताना तुम्ही काय काय करता, ते एकदा करून दाखवा.”

काकांनी आपला क्रमांक घातलेला कागद शेजारी ठेवला आणि एकेक पाऊल करू लागले. नवे पान घेतले. पहिल्या ओळीत मधोमध ‘॥ श्री ॥’ लिहिले. त्याखाली ‘घर क्रमांक २७’ लिहिले आणि म्हणाले, “सत्तावीसावं घर नाही हं आमच्यात. नदीच येती पुढं.” मग जतन करण्याची कळ दाबली. खिडकी आली. तिच्यात नावाच्या जागी ‘॥ श्री ॥’ आधीच भरलेले होते. काकांनी तिकडे न पाहता होकार दिला. खिडकीने इंग्रजीत सांगितले की या नावाची फाईल येथे आधीच आहे, आणि विचारले की तिच्या जागी ही ठेवायची का. काकांचे बोट त्या बटणाकडे निघाले होते. मी त्यांचे मनगट धरले.

“काय झालं ओ?”

“हे प्रत्येक वेळी विचारत होतं?”

“पहिल्या घराला नाही. दुसऱ्यापासनं. आहेच म्हणालंय की ते. आहे म्हटल्यावर जरा बरं वाटायचं. मग दाबायचो.”

चुकीचा उगम कळल्याशिवाय गणित दुरुस्त होत नाही, म्हणून मी आणखी विचारले. त्यांच्या कार्यालयात एका गावाचे एक पुडके असे. एका जमिनीची एक शीट; नवी शीट काढली की पुडक्यात वर ठेवायची. तपासून झालेली शीट विनाकारण पुन्हा बाहेर काढायची नाही, ही तिथली शिस्त. ‘॥ श्री ॥’ हे त्यांच्या लेखी पुडक्याचे नाव होते. एक घर आठवडाभर चाले. तेवढे दिवस ते हीच फाईल उघडत आणि चालू घर समोर येई. वरची शीट दिसते, खालच्या खाली असतात, यात त्यांना नवल वाटले नाही.

मी त्यांना झालेले क्रमाने सांगितले. दुसऱ्या घराने पहिले पुसले, तिसऱ्याने दुसरे, याप्रमाणे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

“म्हणजे पंचवीस शीटा पुसल्या काय मी?”

“तुम्ही नाही. ते नाव मी सुचवलं होतं.”

“तुम्ही कुठलं सुचवलंय? ते आपोआप येतंय.”

“आपोआप यावं, असं मी लिहिलं होतं.”

काकांनी खिडकीतला तो प्रश्न पुन्हा वाचला. मग त्यांनी स्वतःच ‘नको’ दाबले. “सरी, बरं,” ते म्हणाले. “परत एकदा बुडालं म्हणा की गाव.” आणि हसले. मला हसता आले नाही.

कुंपणातल्या जागेत कच्च्या प्रती पाहिल्या. एकच होती, सत्तावीस क्रमांकाची. बाकीच्या माझ्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्या त्या वेळी पुसल्या गेल्या होत्या. ॲप बिनचूक वागले होते.

घरी येऊन मी माझे साठ चाचणी-मजकूर पुन्हा वाचले. एकाही मजकुराच्या माथ्यावर श्री नव्हते. हे मला विचित्र वाटले, कारण मी स्वतः कोऱ्या कागदावर काहीही लिहिण्याआधी श्री लिहिते. शाळेत उत्तरपत्रिकांची गुणतालिका करतानाही लिहीत असे. चाचणीसाठी लिहिलेले हे खरे लेखन नव्हे, एवढे बहुधा हाताला ठाऊक होते. पहिली ओळ म्हणजे शीर्षक, हे मी मुद्रित पाठ्यपुस्तकावरून ठरवले होते. माणसाच्या वहीत शीर्षक दुसऱ्या ओळीवर असते.

सोमवारी कार्यालयात ज्याने तो भाग प्रोग्राममध्ये लिहिला होता, त्या सहकाऱ्याला मी हे सांगितले. तो पुण्याचा, तिशीतला, दोन वर्षांपूर्वी इथे आलेला.

“पण ताई, सिस्टीमने क्लिअरली विचारलं होतं ना? त्यांनी रिप्लेस दाबलं. हा आपला बग नाहीये.”

“एकाच माणसाने पंचवीस वेळा तेच दाबलं, तर एखाद्या वेळी तरी ॲपला शंका यायला नको?”

“येणार कशी? त्याला फोल्डर दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक वेळी एक नवीन जागा मिळाली, त्याने लिहिलं. पंचवीस वेळा फर्स्ट टाइम.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी विचारले, “तुझ्या घरी कागदावर पहिल्यांदा काय लिहितात?”

“आयला! आई तर वाण्याच्या यादीवरपण श्री लिहिते.”

शनिवारी तो स्वतःहून येलहंक्याहून दोन बस बदलून बनशंकरीला आला. पुसलेल्या फाईली शोधण्याची साधने त्याने आणली होती. काकांनी त्याच्यासाठी उप्पीट केले आणि दर अर्ध्या तासाने येऊन पडद्याकडे पाहून गेले. दुपारपर्यंत त्याने तीन निरनिराळे मार्ग करून पाहिले.

“काय, सापडलं काय?”

“नाही काका. या नवीन डिस्क पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकतात. काहीच राहत नाही.”

“आमच्या खात्यात रबरानं खोडलं तरी शीट उजेडात धरली की रेघ दिसायची. तुमच्या खात्यात काम लई स्वच्छ आहे.”

तो कानकोंडा झाला. मग त्याने उपाय म्हणून सुचवले, “काका, आत्तापुरतं एक करा. श्री नका लिहू. डायरेक्ट घराचा नंबर लिहा, म्हणजे नाव बरोबर येईल.”

“तुमच्या मशिनीला नाव पाहिजे म्हणून मी देवाला खाली उतरवू? ती शिकलेली आहे ना? मग तिला दुसरी ओळ वाचायला शिकवा की ओ.”

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी वहीत वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. नियमाचा मसुदा म्हणून ते पुरेसे स्पष्ट होते.

पुढच्या सोमवारी आम्ही कार्यालयात एक यादी केली: पहिल्या ओळीत काय आले तर ते नाव समजायचे नाही. सुरुवात श्रीने केली. हिशेब विभागातल्या कन्नड बाईंनी आपल्या लिपीतले श्री सांगितले आणि कुलदेवाच्या नावापुढे ‘प्रसन्न’ लिहिण्याची त्यांच्या घरची रीत सांगितली. कुणी ओम सांगितले, कुणी लाभ-शुभ. चित्रांचे काम करणाऱ्या सहकाऱ्याने ७८६ हा आकडा सांगितला. एकीने कागदाच्या कोपऱ्यात काढलेला लहान क्रूस सांगितला. तो टंकता येत नाही म्हणून यादीत आला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा नोंदी झाल्या. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एक होती, आणि चाचणीच्या वेळी कुणालाही ती आठवली नव्हती.

दुसरा नियमही मी बदलला. जतन केल्यानंतरही कच्ची प्रत तीस दिवस राहते आणि ती आहे हे वापरणाऱ्याला सांगितले जाते. कुंपण मात्र होते तसेच आहे. काकांच्या फोल्डरमध्ये डोकावण्याची मुभा ॲपला असती तर हे टळले असते का, असे मला त्या दिवसांत दोघांनी विचारले. टळले असते. तरीही ती मुभा असू नये असे माझे मत आहे. नियम लिहिणाऱ्याने चूक रोखण्याचे अन्य मार्ग शोधावेत, एवढेच मी त्यांना म्हटले.

नवी आवृत्ती मी काकांच्या लॅपटॉपवर घातली. त्यांनी देवळाजवळच्या पहिल्या घरापासून पुन्हा लिहायला घेतले. मी टंकून देते, तुम्ही सांगा, असे म्हटले. ते त्यांनी नाकारले. “सांगत बसलो तर गोष्ट होती. लिहिलं की घर होतंय.”

दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलावून फोल्डर दाखवले. फाईली आता एकीखाली एक दिसत होत्या, प्रत्येक आपापल्या क्रमांकाने. आठ घरे झाली होती. मी वाचली. पाचव्या घराच्या दारात सीताफळ होते. काकांनी आपणहून सांगितले की तिसरे घर पहिल्या वेळेपेक्षा आखूड झाले आहे आणि सहावे लांबले आहे, कारण तिथल्या म्हाताऱ्याची एक लकब मागच्या वेळी सुटली होती. ही तुलना ते कशाच्या आधारे करत होते हे मी विचारले नाही.

मग त्यांनी नववी फाईल उघडली. तिच्यात एवढेच होते:

॥ श्री ॥
घर क्रमांक ९
पूर्वेस: घर क्रमांक ८
पश्चिमेस: घर क्रमांक १०
दक्षिणेस: गल्ली
उत्तरेस: ओढा

जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहितात, तशी. त्याखाली कोरे पान.

“इथे कोण राहायचं?” मी विचारले.

“मला कळायला लागल्यापासनं ते बंदच. दादांना ठाऊक होतं. तासभर बोलले त्या दिवशी. घरधन्याचं नाव सांगितलं, लेकींची सांगितली, गाव सोडून का गेले ते सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं. लिहून झालं म्हणून मनात ठेवलं नाही ओ.”

“दादांच्या मुलाला विचारून पाहिलंत?”

“विचारलं की. तो धरणानंतरचा. त्याला नवीन वसाहतीतली घरं ठाऊक.”

मी आणखी काही नावे सुचवली. ती सारी त्यांनी आधीच विचारून झालेली होती. कागदावर क्रमाने लिहिलेली आणि एकेक खोडलेली त्यांनी मला दाखवली. खाली घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. छपाईचे काम माझ्याकडे असल्यामुळे मला निर्णय हवा होता.

“ही शीट छापताना वगळायची का?”

काकांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी वर्गात हातचा विसरलेल्या मुलाकडे पाहत असे.

“वगळून कसं चालंल, बाई? आठ नंबरच्या पश्चिमेला मग काय लिहू?”

त्यांनी फाईल जतन केली, बंद केली आणि दहाव्या घरासाठी नवे पान घेतले.